उमराणची आठळी पेरली, तर?

संक्रांत जवळ आली की पूर्णा जंक्शनच्या बाहेर बोरांचे गाडे लागतात. गाड्यावर सोनेरी पिवळी, लिंबाएवढी उमराण बोरे रचलेली असतात. थोड्या अंतरावर आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका टोपलीत तांबूस, गोटीएवढी गावरान बोरे घेऊन बसतात. उमराण किलोवर विकली जाते, गावरान मापाने.

२०११ च्या अशाच एका जानेवारीत आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गाड्यावरून उमराण आणली. त्यातले एक बोर त्यांना इतके आवडले की त्यांनी त्याची आठळी धुऊन परसातल्या हौदाजवळ पुरली. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना झाडांचा नादच लागला होता. रोप आले, काटे फुटले आणि चौथ्या वर्षी फळेही धरली. पण ती गोटीपेक्षा जराशीच मोठी, आंबट आणि चांगलीच तुरट निघाली.

"गाडेवाल्यानं फसवलं," अण्णा म्हणाले.

"पण ते बोर तर तुम्हीच खाल्लं होतं की, अण्णा!"

"मग मातीनं फसवलं."

खरे तर फसवले कोणीच नव्हते. असे का घडले हे नीट समजून घेतले तर फळझाडांच्या बाबतीत 'जात' म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो. त्यासाठी आमच्या परसातल्या त्या एकाच झाडाचा इतिहास पुरेसा आहे.

बोर आणि प्लम

इंग्रजीत बोराला 'इंडियन प्लम' असेही म्हणतात. त्यामुळे आमच्या पुतण्याला एकदा वाटले की बोर म्हणजे आलूबुखाराचाच देशी भाऊ. दोन्ही फळांची रचना सारखी आहे हे खरे. बाहेर पातळ साल, मग गर आणि मध्ये टणक आठळी. अशा फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात. आंबाही याच प्रकारात येतो. पण नाते इथेच संपते. आलूबुखार गुलाबाच्या कुलातला, तर बोर ऱ्हॅम्नेसी कुलातली. तिचे शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना. हे नाव लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये मॉरिशस बेटावरून दिले.

"मग आपण आलूबुखारच लावू या ना, काका," पुतण्याने विचारले. ते जमणार नाही. आलूबुखाराच्या कळ्या हिवाळ्यात झोपी जातात, आणि पुरेशी थंडी सोसल्याशिवाय त्या नीट जाग्या होत नाहीत. बहुतेक जातींना सुमारे ७ अंश सेल्सियसखालचे शेकडो तास लागतात. पूर्णा-परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री पारा तेवढा उतरतो, पण दुपारी पुन्हा २८-३० अंशांवर जातो. एवढ्या थंडीवर आलूबुखाराचे भागत नाही.

बोरीचे सगळे वेळापत्रक उलटे आहे. ती झोपते उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपलीकडे गेला की ती पाने टाकून देते. मृगाच्या सरी आल्या की नवी फूट, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुले आणि थंडीत फळे. मूळ खोल जाते. पानाच्या खालच्या बाजूला पांढरट लव असते, तिच्यामुळे पाणी कमी उडते. पाण्याचा ताण असतो तेव्हा झोपायचे आणि जमिनीत ओल असते तेव्हा फळायचे, असा हा हिशेब आहे. १९९० मध्ये राज्यात रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा कोरडवाहू फळझाडांत बोरीला जागा मिळाली ती याच गुणामुळे.

गर आईचा, बी बाळाचे

आता अण्णांच्या आठळीकडे वळू. बोर खाताना आपण जो गर खातो तो फुलाच्या बीजांडकोशाच्या भिंतीपासून तयार झालेला असतो. म्हणजे तो पूर्णपणे आई-झाडाचा भाग असतो. आठळीचे टणक कवचही आईचेच. पण त्या कवचाच्या आतले बी मात्र आई-बाप दोघांपासून झालेले असते. बाप म्हणजे ज्या झाडाचा पराग त्या फुलावर पडला ते झाड. अण्णांनी चाखली ती आई आणि पेरले ते बाळ!

हा बाप कोण, याचा बागेत सहसा पत्ता लागत नाही. बोरीचे फूल जेमतेम ४-५ मिलिमीटरचे, हिरवट पिवळे. त्याच्या मधोमध मधाची चकती असते. तिच्यासाठी मधमाश्या, माश्या, गांधीलमाश्या दिवसभर फिरतात. बोरीच्या फुलात परागकोश आधी उघडतात, आणि त्याच फुलाची कुक्षी पराग घ्यायला काही तासांनी तयार होते. त्यामुळे दुसऱ्या झाडाचा पराग येण्याची शक्यता वाढते. बोरीच्या अनेक जातींत तर स्वतःच्याच परागाने फळ फार कमी धरते. अण्णांच्या आठळीचा बाप बागेतली दुसरी जात असेल किंवा बांधावरची गावरान बोर असेल.

समजा, उमराणवर उमराणचाच पराग पडला असता तर? तरीही बाळ उमराणसारखे निघेलच असे नाही. उमराणमध्ये तिच्या पूर्वजांकडून आलेल्या अनेक जनुकांच्या वेगवेगळ्या प्रती आहेत. पराग आणि बीजांड तयार होताना या प्रती पत्ते पिसावेत तशा पिसल्या जातात. हातात येणारा डाव प्रत्येक वेळी नवा असतो.

शबरीने एकेक बोर चाखून रामाला दिले, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो. या दृष्टीने पाहिले तर ती अगदी बरोबर वागली. रानातली प्रत्येक बोर वेगळ्या आठळीतून आलेली, म्हणून प्रत्येक झाडाची चव वेगळी. चाखल्याशिवाय कळणार कसे?

मग सगळी उमराण सारखी कशी?

बाजारातली उमराण बोरे मात्र आकाराने, रंगाने, चवीने सारखी असतात. कारण उमराणची झाडे एकमेकांची मुले नाहीत. ती एकाच झाडाचे तुकडे आहेत. कधी काळी कोणाला तरी एक झाड आवडले आणि त्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतली कळी, दुसऱ्या बोरीच्या खुंटावर बसवला. त्याच्या फांदीवरून पुढचे डोळे घेतले, त्यांवरून त्याच्या पुढचे. कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँकने १९०६ मध्ये 'सांता रोसा' नावाचा आलूबुखार प्रसिद्ध केला. आज जगात कुठेही वाढणारे सांता रोसाचे झाड म्हणजे त्या एका रोपाचीच प्रत आहे. फळझाडाची जात टिकते ती अशी, डोळ्यांतून.

जळगावजवळच्या मेहरूणची लांबट, टोकदार, गोड 'मेहरूण' बोरे घ्या, नाहीतर 'कडाका' घ्या. नियम तोच.

डोळा भरणे

अण्णा आंबट बोरांचे झाड तोडायला निघाले होते. आम्ही त्यांना सांगितले, झाड वाईट नाही, मुळे उत्तम आहेत, नुसते डोके बदलू या. बोरीचे सोटमूळ इतके खोल जाते की मोठे रोप उपटून दुसरीकडे लावणे तिला सोसत नाही. म्हणून जागेवर वाढलेल्या झाडावरच डोळा भरणे सोयीचे पडते.

२०१६ च्या मे महिन्यात आम्ही झाडाच्या दोन मोठ्या फांद्या खोडापासून हातभर अंतरावर कापल्या. तिसरी मात्र अण्णांनी कापू दिली नाही. "एक असू दे, आपण वाढवलेली आहे," ते म्हणाले. त्यांच्या या हट्टाचा पुढे आम्हांला फार उपयोग झाला.

पावसाळ्यात कापलेल्या जागी भराभर फूट आली. जोमदार तेवढ्या ठेवून बाकीच्या काढून टाकल्या. श्रावणात त्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या. मग ओळखीच्या एका बागायतदाराकडून उमराणच्या त्याच वर्षीच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. पाने कापली, पण देठ तेवढे ठेवले.

खुंटाच्या सालीवर धारदार चाकूने इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर दिली आणि साल अलगद उचलली. उमराणच्या काडीवरून डोळ्यासकट ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा काढून त्या चिरेत वरून खाली सरकवला. डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधले.

यात विज्ञान कोठे आहे? साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ, सतत विभागणारा थर असतो. त्याला ऊतककर किंवा कॅम्बियम म्हणतात. पावसाळ्यात तो जोमात असतो, म्हणूनच साल सहज सुटते. खुंटाचा आणि डोळ्याचा हा थर एकमेकांना टेकला की दोन्हीकडून नव्या पेशी तयार होतात, जखम भरते आणि पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिका जोडल्या जातात.

डोळा लागला की नाही हे देठ सांगतो. दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावावे. तो पटकन गळून पडला तर डोळा जिवंत आहे असे समजावे. जिवंत पेशीच जुना देठ तोडून टाकू शकतात. देठ सुकून तिथेच चिकटून राहिला असेल तर डोळा मेला. आम्ही सहा डोळे भरले होते, चार लागले. लागलेल्या डोळ्यांच्या वरची खुंटाची फूट कापून टाकली, म्हणजे झाडाचा सारा जोर त्यांच्याकडे गेला.

पाणी एक, स्वयंपाक दोन

२०१८ च्या जानेवारीत एकाच बुंध्यावर दोन प्रकारची बोरे लटकली. दोन फांद्यांवर सोनेरी उमराण आणि अण्णांच्या तिसऱ्या फांदीवर तीच जुनी आंबट गोटी. पुतण्याने अगदी योग्य प्रश्न विचारला. "मूळ एकच आहे, तर मुळाची आंबट चव उमराणमध्ये का नाही उतरली?"

कारण मूळ चव पाठवत नाही. ते पाठवते पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. साखर तयार होते पानांत, आणि फळातली साखर, आम्ल, टॅनिन यांचे प्रमाण किती असावे हे ठरते मुख्यतः फळाच्या पेशींतल्या जनुकांवर. उमराणच्या प्रत्येक पेशीत उमराणची जनुके आहेत. कलमाच्या जोडापाशी नळ जोडले जातात, पाककृतींची वही बदलत नाही. खुंटामुळे झाडाचा जोम, उंची, पाण्याचा ताण सोसण्याची शक्ती यांत फरक पडतो, आणि फळाच्या आकारावरही त्याचा थोडाफार परिणाम होऊ शकतो. पण गावरान खुंटावरची उमराण ही उमराणच राहते.

याच कारणाने जोडाच्या खालून येणारी फूट वेळोवेळी काढावी लागते. ती खुंटाची असते. ती वाढू दिली तर काही वर्षांत कलमाची फांदी दबते, आणि मग लोक म्हणतात, "उमराण उतरली, गावरान झाली." ती उतरत नाही. मागे पडते.

चाखण्याची रीत

आता आमच्याकडे एक छान प्रयोग आपोआप मांडला गेला होता. माती, पाणी, ऊन आणि मूळ तेच, बदल फक्त जातीचा. संक्रांतीच्या सुट्टीत जमलेल्या आठ मुलांना आम्ही परीक्षक केले. बोरे धुऊन, फोडी करून, क्रमांक घातलेल्या वाट्यांत ठेवली. डोळ्यांवर रुमाल, दोन फोडींच्या मध्ये पाण्याची चूळ. गोड, आंबट, तुरट आणि कुरकुरीत या चार गुणांना प्रत्येकी पाचपैकी गुण द्यायचे.

उमराण चार अवस्थांत चाखली. हिरवी, हिरवट पिवळी, सोनेरी पिवळी आणि तपकिरी. हिरवी तुरट आणि बेचव. सोनेरी सर्वांत गोड आणि कुरकुरीत. तपकिरी गोड खरी, पण मऊ आणि पिठूळ. पिकताना पेशींना सांधणारे पेक्टिन विरघळत जाते. सोनेरी अवस्थेत पेशी फुगीर आणि घट्ट असतात, म्हणून दाताखाली त्या फुटून रस बाहेर येतो. पुढे त्या फुटण्याऐवजी एकमेकींपासून सुटतात आणि फळ पिठूळ लागते. हिरवी तोडून घरात ठेवलेली बोरे पिवळी झाली, पण त्यांत झाडावरच्या पिवळ्या बोरांची गोडी आली नाही. तोडलेल्या फळाला पानांकडून साखर मिळणे थांबते, हे त्याचे कारण.

तुरटपणा ही गोड-आंबटासारखी जिभेची चव नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडाला कोरडे, खरखरीत वाटते. ती खरे तर स्पर्शाची जाणीव आहे.

शेवटी उमराण आणि तिसऱ्या फांदीवरची बोरे शेजारीशेजारी चाखली. रसातली विद्राव्य द्रव्ये मोजणारा हातात मावेल एवढा रिफ्रॅक्टोमीटर आम्ही आणला होता. पिकलेल्या उमराणचा आकडा सामान्यतः १५ ते १९ ब्रिक्सच्या दरम्यान असतो. आमचा त्यातच आला. आंबट बोरांचा आकडा फार खाली असेल असे आम्हांला वाटले होते, पण तो थोडाच मागे होता! मग ती आंबट का लागतात? आम्लामुळे. आपल्या जिभेला नुसती साखर कळत नाही, साखर आणि आम्ल यांचे गुणोत्तर कळते. उमराणमध्ये आम्ल फारच कमी असते, म्हणून ती गोडच गोड लागते.

गंमत म्हणजे "पुन्हा कोणते खाल?" या प्रश्नावर आठांपैकी तिघांनी आंबट फांदीची वाटी उचलली. "उमराण गोड आहे, पण ह्याच्यात मजा आहे," एकीने सांगितले. अण्णा त्या दिवशी फार खूष होते. मोठ्या फळाची जात ती चांगली जात, हा समज आमचाही होता. तो त्या तिघांनी खोडून काढला.

वर्षभराची देखभाल

उमराण परसात लावणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली छाटणी. बोरीला फळ धरते ते त्या वर्षीच्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. म्हणून एप्रिलअखेर ते मे या काळात, झाड झोपलेले असताना, मागच्या वर्षीच्या फांद्या आखूड कराव्या लागतात. अण्णांना ही कापाकापी सोसत नसे. एक वर्ष त्यांनी ती करू दिली नाही. त्या हंगामात फळे बारीक आली आणि तीही शेंड्याकडे, हात न पोचणाऱ्या जागी.

दुसरी फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते, अळी गर खाते आणि फळ पडले की मातीत शिरून कोष करते. म्हणून पडलेली किडकी बोरे रोज वेचून नष्ट करावीत आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती उकरून तापू द्यावी. कोष उघडे पडतात, उन्हाने आणि पक्ष्यांमुळे मरतात.

तिसरी भुरी. हवा थंड आणि दमट झाली की कोवळ्या फळांवर आणि पानांवर ही बुरशी पांढरी पूड शिंपडल्यासारखी पसरते. छाटणीने फांद्या विरळ ठेवल्या तर हवा खेळते आणि तिला आळा बसतो.

बांधावरची बोर

इथवर वाचून वाटेल, की आठळी पेरणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. पण उमराण आली कोठून? ती निवडली गेली त्याआधी कधीतरी एक आठळीच होती. कोणीतरी ते झाड चाखले, ओळखले आणि त्याचा डोळा पुढे नेला. डोळा जात जशीच्या तशी टिकवतो, पण नवी जात देऊ शकत नाही. ती देते आठळीच. हजारांत एखादी, पण देते.

आज आठळीची ही झाडे वेगाने जात आहेत. आमच्या घरामागच्या शेतांचे बांध जेसीबी लावून सरळ केले गेले, तेव्हा एका दिवसात सात बोरी गेल्या. त्यांतल्या एकीची बोरे शाळेतून येता-जाता आम्ही लहानपणी खाल्ली होती. तिच्यासारखी चव पुन्हा भेटलेली नाही. तिचा एकही डोळा कोणी उचलून ठेवला नव्हता, म्हणून ती आता परत येणार नाही.

सगळीकडे एकच जात असली की धोकाही एकच होतो. सर्व उमराण झाडांची जनुके सारखी, म्हणून एखाद्या रोगाला एक झाड बळी पडले तर बाकीचीही पडण्याची शक्यता असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ॲपल बोर नावाची सफरचंदासारखी मोठी बोरे आली. तीही डोळ्यांनीच पसरली. उद्या भुरीला दाद न देणारी किंवा आणखी कमी पाण्यावर तगणारी जात हवी असेल तर शोधणार कोठे? परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि जातींची पारख करणे हे अशा संस्थांचे काम आहे. पण पारखायला झाडे तर उरली पाहिजेत.

शिवाय उमराणला शेजार लागतो. अनेक जातींना दुसऱ्या बोरीचा पराग हवा असतो, हे आपण वर पाहिले. बांधावरची गावरान बोर हा पराग फुकट पुरवते. अण्णांच्या तिसऱ्या फांदीचा आम्हांला उपयोग झाला तो असा. बांधावरच्या बोरी गेल्यानंतरही आमच्या उमराणला फळे धरत राहिली.

'ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी' असे आपण म्हणतो. दोघी एकमेकींना ओळखून असतात, असा त्याचा अर्थ. आपण मात्र गावच्या बोरींना ओळखेनासे झालो आहोत.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. बोरींची नोंदवही. शाळेपासून एक किलोमीटरच्या परिसरातल्या गावरान बोरींचा नकाशा करा. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. पिकण्याचा महिना, दहा फळांचे वजन, आकार, रंग आणि वर दिलेल्या चार गुणांचे गुणांकन नोंदवा. दरवर्षी पुढच्या वर्गाने हीच वही पुढे चालवावी.

२. आठळ्यांची परीक्षा. १ लीटर पाण्यात सुमारे २१० ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात वाळलेल्या आठळ्या टाका. बुडतील त्यांत भरलेले बी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही गट वेगळे पेरून किती उगवतात ते मोजा. काही आठळ्या हलकेच फोडून बी बाहेर काढून पेरा. कवचाचा अडथळा गेल्यावर उगवण किती लवकर होते ते पाहा.

३. आम्ल मोजणे. दोन झाडांचा प्रत्येकी १० ग्रॅम गर ५० मिलिलीटर पाण्यात कुस्करून गाळा. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण थेंबाथेंबाने घाला. गुलाबी रंग टिकेपर्यंत कोणाला किती थेंब लागले? ज्याला जास्त लागले त्यात आम्ल जास्त. हे शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

४. बाप कोण? फुले उमलण्याआधी एका फांदीला मलमलीची पिशवी बांधा, शेजारची तशीच मोकळी ठेवा. महिन्याने दोन्हींवरची फळे मोजा. मधमाशीचे काम किती मोलाचे आहे ते आकड्यांत दिसेल.

आमच्या परसातल्या बोरीला आता तीन डोकी आहेत. दोन फांद्यांवर उमराण, आणि तिसरी अजून जशीच्या तशी आहे. दर जानेवारीत अण्णा तिच्याखाली आठळ्या वेचतात आणि कुंपणाच्या कडेने पुरत जातात. त्यांतून काय निघेल हे त्यांनाही ठाऊक नसते. पहिले फळ आले की ते चाखतात, बहुतेक वेळा तोंड वाकडे करतात, आणि मग पुढच्या झाडाकडे वळतात.